चाकात हवा किती भरावी?

बीड जिल्ह्यातील शिरूर कासार हे सिंदफणा नदीकाठचे तालुक्याचे गाव. दसरा होऊन गेला की येथील पंक्चरच्या दुकानांपुढे गर्दी वाढू लागते. या भागातील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती उन्हाळा लागेपर्यंत परतत नाहीत. मजुरी टनावर मिळते. वाटेत किंवा फडात चाक बसले, तर तेवढी खेप बुडते आणि तेवढी मजुरीही बुडते. म्हणून निघण्यापूर्वी जो तो आपापल्या वाहनाची चाके पाहून घेत असतो.

समजा, अशा एखाद्या दुकानापुढे तुम्ही अर्धा तास उभे राहिलात. एक ट्रॅक्टर येईल, दोन-चार मोटारसायकली येतील, एखादी टायरगाडी येईल. मग प्रवाशांनी भरलेली काळीपिवळी जीप येईल आणि पुढीलप्रमाणे संवाद तुमच्या कानांवर पडेल :

"भाऊ, मागच्या दोन्ही चाकांत हवा बघा जरा."

"किती ठेवू?"

"ऊन लई हाय. दोन-चार पौंड कमीच ठेवा, न्हाईतर रस्त्यात टायर फुटंल."

हे मत केवळ शिरूरच्या जीपवाल्याचे आहे असे नाही. पुण्या-मुंबईतील सुशिक्षित मोटारमालकही उन्हाळ्यात हेच सांगतात. त्यामागील तर्क वरवर पाहता बिनतोड वाटतो. हवा तापली की प्रसरण पावते, दाब वाढतो, म्हणून आधीच थोडी कमी भरावी. गंमत अशी की, शर्यतीच्या मोटारी चालविणारे निष्णात चालकही शर्यतीपूर्वी टायरमधील हवा मुद्दाम कमी करतात. मग जीपवाला बरोबर, असेच म्हणायचे का?

नाही. शर्यतीचा चालक बरोबर आहे, आणि जीपवाला मात्र जिवाशी खेळतो आहे. असे का, ते समजण्यासाठी प्रथम टायर काम कसे करतो ते पाहू.

भार कोण उचलतो?

पुष्कळांची समजूत अशी असते की गाडीचे वजन टायरचे जाड रबर पेलते. तसे असते तर पंक्चर झालेले चाक जमिनीला चिकटले नसते. रबर आणि त्यातील धाग्यांचे थर ही एक मजबूत पिशवी आहे. भार उचलते ती पिशवीत कोंडलेली हवा. पिशवीचा थोडासा भाग जमिनीवर चपटा होतो, आणि त्या चपट्या भागावर आतील हवेचा दाब जेवढे बल लावतो, तेवढा भार चाक पेलू शकते. म्हणजेच, जमिनीला टेकलेले क्षेत्रफळ गुणिले हवेचा दाब बरोबर चाकावरील भार. टायरच्या बाजूच्या भिंतीही थोडासा भार घेतात. पण ढोबळ हिशेबात तो सोडून देता येतो.

दुकानात ज्याला 'तीस पौंड हवा' म्हणतात, ते हवेचे वजन नव्हे. दर चौरस इंचावर तीस पौंड इतका तो दाब असतो. आपल्या परिचयाच्या मापात सांगायचे तर दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे २.१ किलोग्रॅम. आता १,२०० किलोग्रॅम वजनाची मोटार घ्या. चार चाकांवर भार सारखा वाटला गेला असे धरले, तर प्रत्येक चाकावर ३०० किलोग्रॅम आले. ३०० ला २.१ ने भागा. उत्तर येते सुमारे १४३ चौरस सेंटिमीटर, म्हणजे पोस्टकार्डापेक्षा थोडी मोठी जागा! मोटार गावातून जात असो की महामार्गावरून सुसाट धावत असो, तिचा आणि पृथ्वीचा संबंध एवढ्या चार पोस्टकार्डांपुरताच असतो. ब्रेक लावणे, वळणे, वेग घेणे ही सारी कामे त्याच चार तुकड्यांवरच्या घर्षणातून व्हावयाची असतात.

हाच हिशेब उसाच्या टायरगाडीला लावून पाहा. गाडी आणि ऊस मिळून अडीच टन धरू. चाके दोनच, म्हणजे प्रत्येकावर १,२५० किलोग्रॅम. दाब ५० पौंड असेल तर चाकाचा ठसा सुमारे ३५७ चौरस सेंटिमीटरचा पडेल. हवा निम्मी, म्हणजे २५ पौंड राहिली, तर ठसा दुप्पट होईल. कारण भार काही कमी झालेला नाही. ठसा दुप्पट व्हायचा तर टायर अधिक दबला पाहिजे, त्याच्या भिंती अधिक वाकल्या पाहिजेत. त्या वाकविण्याचे श्रम कोणाला पडतात? बैलांना. पूर्वीच्या लाकडी, लोखंडी धावेच्या चाकाची अडचण याच्या उलट होती. त्याचा ठसा इतका अरुंद पडे की भरलेली गाडी मऊ रानात रुतून बसे आणि चाक डांबरी रस्ता कापून काढी. हवेच्या चाकाने ते संकट दूर केले.

ट्रॅक्टरचे मागचे चाक पाहिलेत तर त्यात बारा-पंधरा पौंडच हवा असते. कित्येक शेतकरी त्यात पाणीही भरतात. शेतात चाकाची पकड वाढावी म्हणून वजन हवे, आणि तेच वजन पसरट जागेवर वाटले जाऊन माती घट्ट होऊ नये म्हणून दाब कमी हवा. तेव्हा 'योग्य हवा' नावाचा एकच आकडा नसतो. तो भार, जमीन आणि वेग या तिघांवर ठरतो. वेगाची गोष्ट मात्र सर्वांत कमी लोकांच्या ध्यानात येते.

सेकंदाला सतरा फेरे

हवेचे चाक प्रत्यक्षात रूढ झाले ते बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरामुळे. १८८८ साली त्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला रबरी नळीत हवा भरून चाके बसविली. (त्याच्या आधी, १८४५ मध्ये, रॉबर्ट थॉमसन याने अशाच चाकाचे पेटंट घेतले होते, पण तेव्हा ना सायकली होत्या ना मोटारी, म्हणून ते विसरले गेले.) डनलॉपच्या पोराच्या सायकलीचा वेग आणि आजच्या मोटारीचा वेग यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

मोटारीच्या चाकाचा परीघ साधारण १.९ मीटर असतो. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. म्हणजे चाक सेकंदाला सुमारे १७ फेरे घेते. टायरचा प्रत्येक भाग जमिनीशी आला की चपटा होतो, वाकतो, आणि पुढच्याच क्षणी पूर्ववत होतो. हे सेकंदाला सतरा वेळा आणि तासाला साठ हजारांहून अधिक वेळा घडते. बैलगाडीचे चाक तासाभरात दीड-दोन हजार फेरे घेते.

तार तोडायची असली म्हणजे आपण ती पुढे-मागे वाकवितो. त्या वेळी वाकलेल्या जागी बोट लावून पाहा. चटका बसतो. रबराचेही असेच आहे. ते दाबताना जेवढी ऊर्जा खर्च होते, तेवढी सगळी ते सुटताना परत देत नाही. उरलेली ऊर्जा उष्णता होऊन रबरातच राहते. जेवढे वाकणे अधिक, आणि जेवढे ते वारंवार, तेवढा टायर अधिक तापतो. बैलगाडीत हवा कमी असली तर बैल दमतील, पण टायर तापून फुटणार नाही. कारण दोन वाकण्यांच्या दरम्यान त्याला थंड व्हायला वेळ मिळतो. मोटारीला तो मिळत नाही.

फार वेगात, आणि हवा कमी असताना, आणखी एक विलक्षण प्रकार घडतो. जमिनीवरून सुटलेला चपटा भाग पूर्ववत होण्यापूर्वीच चाक पुढचा फेरा पुरा करू लागते. मग टायरच्या मागच्या अंगावर लाटा उठतात आणि त्या जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतात. अशा अवस्थेत उष्णता इतक्या झपाट्याने वाढते की आतील थर एकमेकांपासून सुटू लागतात. पुढचे सांगायला नकोच.

उन्हाने दाब किती वाढतो?

आता जीपवाल्याच्या तर्काकडे वळू. उष्णतेने दाब वाढतो हे खरेच आहे. किती वाढतो ते आपणच काढू. दुकानातील मापक जेव्हा ३० पौंड दाखवितो, तेव्हा तो बाहेरच्या वातावरणापेक्षा आत किती अधिक दाब आहे ते सांगत असतो. वातावरणाचा स्वतःचा दाब १४.७ पौंड. म्हणजे आतला खरा दाब ४४.७ पौंड. (पंक्चर झालेल्या टायरमध्ये मापक शून्य दाखवितो, म्हणून आत निर्वात पोकळी झाली असे नव्हे!) सकाळी तापमान २७ अंश सेल्सिअस, म्हणजे निरपेक्ष मापाने ३०० अंश होते असे समजा. धावून धावून टायरमधील हवा ६७ अंशांवर गेली, म्हणजे निरपेक्ष मापाने ३४० अंश. टायरचे आकारमान फारसे बदलत नाही. म्हणून दाब ३४० भागिले ३०० या प्रमाणात वाढेल. ४४.७ चे झाले सुमारे ५०.७. त्यातून १४.७ वजा करा. मापक ३६ पौंड दाखवील.

चाळीस अंश तापूनही वाढले किती, तर सहा पौंड. चांगला टायर त्याच्या कामाच्या दाबाच्या कितीतरी पट दाब सहन करील असा बनविलेला असतो. सहा पौंडांनी तो फुटत नाही. शिवाय टायर बनविणाऱ्यांना तो धावताना तापणार हे ठाऊकच असते. त्यांनी सांगितलेला आकडा थंड टायरसाठीच असतो, आणि त्यात ही वाढ अगोदरच धरलेली असते.

आता जीपवाल्याने चार पौंड हवा काढून घेतली तर काय होईल? मागे बारा माणसे दाटीवाटीने बसली आहेत, म्हणजे मागच्या चाकांवर नेहमीपेक्षा कितीतरी अधिक भार आहे. दाब कमी, भार अधिक. टायर अधिक दबणार, अधिक वाकणार, अधिक तापणार. हवेचा दाब फार वाढण्यापूर्वी रबर आणि धागेच हार खातील. दाब वाढेल या भीतीने त्याने हवा काढली, पण टायर फुटण्याचे खरे कारण त्याने त्याच क्षणी आत भरून ठेवले. हिवाळ्यातही हीच चूक नकळत होते. डिसेंबरच्या पहाटे पारा १२ अंशांवर आला की आदल्या दुपारी ३० पौंड असलेला टायर अठ्ठावीसच्याही खाली येतो.

२०२२ च्या ११ डिसेंबरला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा सुरू झाला. मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा. मराठवाड्यातील पुष्कळ वाहनांना आयुष्यात प्रथमच इतका सरळ आणि इतका मोकळा रस्ता मिळाला. थोड्याच महिन्यांत टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या येऊ लागल्या, आणि लोकांनी सिमेंटच्या रस्त्याला दोष दिला. रस्ता तापतो हे खरे. पण त्याच रस्त्यावरून त्याच दुपारी हजारो वाहने सुखरूप जात होती. जे टायर गावातल्या रस्त्यावर ताशी पन्नासने वर्षानुवर्षे निभावून जात, त्यांची खरी परीक्षा येथे झाली. गोटा झालेला टायर, पाच-सहा पौंड कमी हवा, टपावर सामान आणि तासभर अखंड वेग, ही बेरीज कोणत्याही रस्त्यावर धोक्याचीच आहे.

शर्यतीचा चालक हवा कमी का करतो?

शर्यतीच्या मोटारीला चार पोस्टकार्डांवरची पकड हीच सर्वस्व असते. तिच्या चालकाला अनुभवाने आणि मोजमापाने ठाऊक असते की, धावपट्टीवर चार-पाच फेऱ्या झाल्यावर टायरमध्ये ३४ पौंड दाब असला म्हणजे त्याची मोटार सर्वांत चांगली चालते. हवा सत्तर अंशांपर्यंत तापणार हेही त्याला ठाऊक असते. मग वरचा हिशेब तो उलटा करतो आणि थंड टायरमध्ये २८ पौंड भरून निघतो. तो अंदाजाने हवा काढीत नाही. काही फेऱ्या मारून परत येतो, गरम टायरमध्ये लगेच दाब मोजतो, आणि टायरच्या रुंदीवर तीन ठिकाणी तापमान घेतो. मधला पट्टा कडांपेक्षा अधिक तापला असेल तर हवा जास्त आहे. दोन्ही कडा अधिक तापल्या असतील तर कमी. काही जण टायरच्या कडेवर खडूने रेघा ओढून ठेवतात. वळणावर टायर किती कलंडला ते कोठवर खडू पुसला यावरून कळते. एवढे करूनही शर्यत संपेपर्यंत तासभर का होईना, त्याच्या मागे यंत्रज्ञांचा ताफा उभा असतो. जीपवाल्याच्या मागे बारा प्रवासी असतात.

आणि तरीही चूक होते. १९ जून २००५ रोजी अमेरिकेत इंडियानापोलिस येथे फॉर्म्युला वन शर्यत होती. तेथील तेरावे वळण कलते आहे. अशा कलत्या वळणावर पूर्ण वेगात मोटार जमिनीवर जणू दाबली जाते आणि टायरवरील भार नेहमीपेक्षा वाढतो. सरावातच राल्फ शूमाकर याच्या मोटारीचा मागचा डावा टायर निकामी होऊन ती भिंतीवर आदळली. टायर पुरविणाऱ्या मिशलँ कंपनीने, आपले टायर या वळणावर पूर्ण वेगात सुरक्षित राहतील अशी हमी देता येत नाही, असे सांगितले. शर्यतीच्या दिवशी मिशलँचे टायर असलेल्या चौदाही मोटारी आरंभीचा एक फेरा घेऊन बाहेर पडल्या. उरल्या सहा. त्यांत कोइंबतूरचा नारायण कार्तिकेयन चौथा आला, आणि फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळविणारा तो पहिला भारतीय ठरला. जगातील उत्तमोत्तम यंत्रज्ञ, पैशाला तोटा नाही. पण एका वळणावरचा वाढीव भार टायरला झेपला नाही, एवढीच ती गोष्ट.

पुढे किती, मागे किती?

चारही चाकांत सारखीच हवा भरण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आढळते. "तीस-तीस टाका" म्हटले की काम झाले! मोटारसायकलवाला मात्र मागे अधिक हवा भरतो, कारण मागे माणूस बसतो हे त्याला दिसते. मोटारीतील इंजिन कोठे आहे ते आपण पाहत नाही.

अमेरिकेत १९६० साली 'कॉर्व्हेअर' नावाची मोटार निघाली. तिचे इंजिन मागे होते, त्यामुळे मागचा भाग जड. वळणावर अशा मोटारीचे शेपूट बाहेर फेकले जाण्याची भीती असते. त्यावर कारखान्याने काढलेला एक उपाय म्हणजे केवळ हवा. पुढे १५ पौंड, मागे २६! पुढचे टायर मऊ ठेवले म्हणजे वळताना ते अधिक मुरडतात, पुढचा भाग आधी बाहेर सरकू लागतो आणि शेपूट ताब्यात राहते. चालकालाही वेग कमी करण्याची सूचना मिळते. पण हे पुस्तिकेत छापले होते, आणि पुस्तिका कोण वाचतो? लोक पंपावर जाऊन चारही चाकांत सारखी हवा भरीत. १९६५ मध्ये राल्फ नेडर यांनी मोटारींच्या सुरक्षिततेवर लिहिलेल्या गाजलेल्या पुस्तकात पहिलेच प्रकरण या मोटारीवर होते. १९७२ च्या सरकारी चाचणीने, ही मोटार तिच्या काळातील इतर मोटारींपेक्षा अधिक धोकादायक नव्हती, असा निर्वाळा दिला खरा. पण ग्राहकाच्या हातातील पंपावर इतके अवलंबून राहणे शहाणपणाचे नव्हते, असे मला वाटते.

तुमच्या घरच्या वाहनाचा योग्य आकडा बहुधा चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत असतो. मोटारसायकलीचा साखळीच्या झाकणावर चिकटविलेला सापडतो. भार कमी असताना किती, पूर्ण असताना किती, हेही तेथे दिलेले असते. टायरच्या अंगावर कोरलेला दाबाचा आकडा मात्र टायरची कमाल मर्यादा सांगतो. तेवढी हवा भरायची असे नव्हे. आजकाल पैसे घेऊन नायट्रोजन भरून देतात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच, आणि तापल्यावर त्याचा दाबही हवेसारखाच वाढतो. त्यात बाष्प नसते, एवढा फायदा. पण नायट्रोजन भरला म्हणून दाब मोजायचा नाही, हे चालणार नाही.

करून पाहा

सायकल, आलेख कागद आणि ज्या दुकानात दाब मोजता येईल असे दुकान, एवढे साहित्य पुरे. मागच्या चाकातील दाब मोजून लिहून ठेवा. त्याच चाकाच्या थोड्या भागाला ओला खडू किंवा शाई लावा. कागद जमिनीवर ठेवून चाक त्यावर सरळ टेकवा. दोघांनी सायकल धरावी, तिसऱ्याने बसावे, पाय जमिनीला लावू नयेत. मग उतरून चाक अलगद उचला. ठशातील चौकोन मोजून क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये काढा. पौंडातील दाबाला १४.२ ने भागले म्हणजे तो दर चौरस सेंटिमीटरला किलोग्रॅममध्ये मिळेल. दोहोंचा गुणाकार करा. दाब ४० पौंड आणि चाकावर ४० किलोग्रॅम भार असेल, तर ठसा १४ चौरस सेंटिमीटरच्या आसपास यावा.

नंतर थोडी हवा काढून पुन्हा ठसा घ्या, आणि एक मित्र मागे बसवून तिसरा. तिन्ही ठसे एका कागदावर शेजारी शेजारी आले तर उत्तम. चाकाखाली वजनकाटा ठेवून भार पडताळता आला तर आणखी चांगले. मात्र दुसऱ्या चाकाखाली काट्याएवढ्याच उंचीची फळी ठेवायला विसरू नका. गुणाकार काट्यापेक्षा थोडा कमी आला तर टायरच्या भिंतींनी किती भार उचलला ते तुम्हाला कळेल. आणि फारच वेगळा आला, तर हिशेबावर शंका घेण्याआधी दुसऱ्या दुकानात जाऊन पुन्हा दाब मोजा. दोन दुकानांच्या मापकांत चार-पाच पौंडांचा फरक निघालेला मी स्वतः पाहिला आहे.